‘सोऽहम्’ म्हणजे ‘झोपा सगळे’?

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज इथे कात्रपला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ध्यानाचा क्लास होता. गुरुजींनी प्रत्येकाच्या कानात ‘गुप्त’ मंत्र सांगितला. गुप्त-बिप्त काही नाही, सांगूनच टाकते. ‘सोऽहम्’! मी अर्थ विचारला, तर म्हणाले, “आजी, अर्थ विचारला की मंत्र फळत नाही. डोळे मिटा.”

मला आईच आठवली. पन्नासच्या दशकात आम्ही अंबरनाथला राहायचो. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला यायची. आमच्या ओट्यावर टेकली की डोळे मिटून पुटपुटायची, “सो... हम्...” आईचं हिंदी कच्चं. ‘सो’ म्हणजे झोप, एवढंच तिला ठाऊक! तिला वाटलं, ही मंत्र घालून आपल्याला झोपवणार आणि घर साफ करणार. म्हणून बाई असेपर्यंत आई मला चिमटे काढून जागं ठेवायची.

शेवटी एकदा आईने दरडावून विचारलंच. बाई पोट धरून हसली. “नहीं बहन! सो माने वो, हम् माने मैं. वो भगवान मैं ही हूँ. साँस अंदर सो, बाहर हम्.” मग शेजारी बसवून तिने आईला शिकवलंसुद्धा.

आज हॉलमध्ये अर्ध्या लोकांना छान डुलकी लागली होती. मी मात्र एक डोळा किलकिला करून गुरुजींकडे बघितलं.

त्यांचाही एक डोळा उघडा होता.

आता तुम्हीच सांगा, आईने लावलेला अर्थ खरंच चुकीचा होता का?