चादरीचं दुसरं टोक

आक्काच्या तोंडी लागायची हॉस्पिटलात कुणाची टाप नव्हती. अहो, मोठे डॉक्टरसुद्धा तिच्या लॉन्ड्रीच्या दारात बूट पुसून मगच आत यायचे. अशा बाईला मेट्रनने एक दिवस पेचात टाकलं. तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला काम हवं होतं आणि लॉन्ड्रीत जागा होती.

"पण आक्का, तो... तोच आहे," मेट्रन खाली बघत म्हणाली. "तुम्ही नाही म्हणा, विषय संपला."

तो म्हणजे आक्काच्या एकुलत्या एका लेकाचा जीव घेणारा. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, एका ताटात जेवलेले. पोटात दारू, डोक्यात राख, आणि कसल्याशा फालतू भांडणात याने लोखंडी पहार उचलली. लेक गेला, त्याच्यामागे नवरा झुरून गेला. घर रिकामं झालं ते झालंच.

त्या संध्याकाळी आक्का देवाशी कडाकडा भांडली. "क्रुसावर तुला खिळे ठोकणाऱ्यांना तू माफ केलंस, कबूल. तू देव आहेस! मी चादरी धुणारी बाई, मला कसं जमायचं?"  पण ज्या दारात आपण स्वतः माफीसाठी पदर पसरतो, त्याच दारातून दुसऱ्याला हाकलायचं, हे तिच्या गळी उतरेना. सकाळी मेट्रनला म्हणाली, "येऊ द्या मेल्याला."

आला. पार वाळून गेलेला, मान खाली. आक्काने त्याला लांब कोपऱ्यातल्या मशीनवर टाकलं. बायकांनी नाकं मुरडली. जावेने तर येणंजाणंच तोडलं. "माझ्या पुतण्याचं रक्त एवढं स्वस्त झालं का?" आक्काला ते फार लागलं. तरी तिने त्याला काढलं नाही.

आता, मोठ्या चादरीची घडी हे एकट्याचं काम नव्हे. दोघांनी टोकं धरून ताणायची, झटकायची, मग चालत समोरासमोर यायचं आणि एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. एक दिवस आक्काची जोडीदारीण तापाने घरी राहिली. ऑपरेशन थिएटरचे निरोपावर निरोप. मोकळा असा तोच होता.

"ये इकडे. धर!"

पहिली चादर आक्काने अशी हिसडली की तो तोंडावर आपटायचाच बाकी राहिला. दुसरीचीही तीच गत. तिसरीला टोकं द्यायला तो समोर आला, तर त्याचे हात तिच्या हातांना लागले. हेच ते हात. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आक्का, मी..."

"गप! मी बोलते. मी तुला माफ केलं. ऐकलंस? तोंडाने केलंय. मन अजून तयार नाही, ते येईल मागून लंगडत. आणि तू केलंस ते वाईटच होतं, जन्मभर वाईटच राहणार. कळलं?"

तो ओक्साबोक्शी रडला.

मन खरंच मागून आलं. दोन पावलं पुढे, चार मागे. कधी कधी त्याचं तोंड बघूनच तिचं पित्त खवळायचं. मग ती देवाला म्हणायची, आजच्यापुरतं बळ दे रे बाबा. आणि मिळायचं. इतक्या वर्षांनी जेवणाला चव लागायला लागली, झोप लागायला लागली. पोटात निखारा घेऊन फिरणं थांबलं, म्हणून ती काम करता करता देवाचे आभार मानायची, अगदी मोठ्याने.

एका दुपारी घडी घालताना तिने मनातलं बोलून टाकलं. "माझ्या लेकाचं नावच कुणी काढत नाही रे. मला वाईट वाटेल म्हणून सगळे जपतात. तू काढ."

तो पांढराफटक पडला. "मी? या तोंडाने?"

"हो, याच. त्याच्याबरोबर एका ताटात जेवलेलं दुसरं आता राहिलंय कोण?"

त्याने चादर झटकली, ताणली. मग तो पुटपुटला, "आम्ही पोरं त्याला... काडीपैलवान म्हणायचो."

आक्काने हे कधी ऐकलंच नव्हतं. तिला फिस्सकन हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. "अगदी बरोबर! काडीच होता माझा बाळ! देवा, तुझे उपकार रे, किती उपकार!"

तिने खांद्याला डोळे पुसले.

"अजून सांग," ती म्हणाली.