आधीच हसणाऱ्या सिस्टरबाई

चौऱ्याऐंशी साली मी गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात रिपोर्ट टाईप करायचे. मूल होत नसलेल्या बायका तिथे उपचारांना येत. तिथल्या सिस्टरबाई विनोद सांगण्याआधीच हसून घेत, आणि डॉक्टरांनासुद्धा "ऐका हो" म्हणून थांबवत. कॉन्व्हेंटमध्ये हळू बोलायला शिकलेल्या मला त्या दिसल्या तरी गुदगुल्या होत.

एकदा देवळ्याच्या एक सासूबाई मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. सुनेचं एक ऑपरेशन आणि कितीतरी इंजेक्शनं तीन वर्षांत आमच्याकडेच झाली होती. मुलगा बाकावर पेपर वाचत बसला.

"हिचं परत आपरेशन करा, नायतर मी पोराचं दुसरं लगीन लावते," सासूबाई म्हणाल्या.

"लावा की मावशी! मग दुसरीलाही इथंच आणाल," सिस्टरबाईंना हसू आवरेना. "त्यापेक्षा आधी ह्यांना तपासू." त्यांनी नमुन्याची बाटली मुलाच्या हातात ठेवली.

"माझ्या पोराला काय धाड भरलीय?"

"काही नसलं तर पेढे माझ्याकडून!"

सून पदरात तोंड खुपसून खदखदली. मी टाईपरायटरमागे लपले, तरी माझं हसू फुटलंच. मुलगा लालबुंद होऊन बाटली घेऊन आत गेला.

मी नवा कागद चढवला आणि तीन वर्षांच्या त्या फायलीत पहिल्यांदाच 'रुग्ण' या शब्दापुढे नवऱ्याचं नाव टाईप केलं.