प्रॉपर कुठले?

वरच्या मजल्यावर नवी भाडेकरू आली आहे. इथे अंबाजोगाईत नोकरीला लागलेली मुलगी. दोन पिशव्या घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने दारावर पाटी लावली. नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. गच्चीवर जाता-येता माझी नजर रोज त्या पाटीवर अडते. नावापुढे चांगली चार बोटं जागा मोकळी आहे. ती विसरून नव्हे, जाणूनबुजून सोडलेली आहे, असं माझं संशयी मन मला पटवत राहतं. मग त्या मोकळ्या जागेतून खडूचा वास येऊ लागतो.

नेकनूरजवळच्या आमच्या गावी, मी आठवीत असताना, एक सर आले होते. वडिलांनी त्यांना बाहेरची खोली भाड्याने दिली आणि तिथेच ते इंग्रजीची शिकवणी घेऊ लागले. सारं गाव त्यांना 'सर' म्हणे. "मानूस लई चांगला हाय, पण आडनाव कावून सांगत न्हाई?" वडील जेवताना म्हणत, आणि हातातला घास हातातच राही. एके सकाळी सरांनी फळ्यावर नामाचे प्रकार लिहिले आणि विचारलं, प्रॉपर नाऊन म्हणजे काय? मी ठणकावून सांगितलं, "जे प्रॉपर बीडचं असतं ते." कुणीच हसलं नाही, कारण साऱ्यांना तेच वाटत होतं. बीड शहरातले ते प्रॉपर बीडचे, आम्ही आपले नुसते जिल्ह्यातले. सर मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ते इतके मोकळे झालेले पाहून मला वडिलांनी पढवलेलं आठवलं. "मग सर, तुमी प्रॉपर कुठले?" आमच्याकडे या प्रश्नाच्या पोटात जात विचारलेली असते, हे आठवीतल्या मुलीलाही ठाऊक होतं. सर बोटांचा खडू पुसत म्हणाले, "सर म्हन की बाई. कॉमन नाऊन हाय. त्यात भागतंय माझं."

कापूस हाताला लागतो म्हणून तो पदार्थवाचक, संशय लागत नाही म्हणून तो भाववाचक, एवढं मला त्यांच्यामुळेच कळलं. पुढच्या आठवड्यात वही ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, तर टेबलावर त्यांच्या नावाचं पाकीट होतं. मी आडनाव वाचलं आणि धावत जाऊन वडिलांना सांगितलं, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं. संध्याकाळी वडील सरांना म्हणाले, "खोली लागतीया सर. कापूस ठिवायचा हाय." सर "बरं" म्हणाले आणि सकाळच्या एसटीने गेले. माझी वही उंबऱ्यावर होती, सगळी उत्तरं तपासलेली. त्या वर्षी त्या खोलीत कापूस काही आला नाही. सांगणारी मीच, हे सरांना कळलं होतं का, हा संशय मला आजही छळतो. त्यांचं आडनाव अजून पाठ आहे. ते इथे लिहिणार नाही.

काल ती मुलगी खाली आली. "काकू, वर पानी चढंना." तिच्याकडे पाहताच 'प्रॉपर कुठली गं तू?' हे अगदी जिभेवर आलं. मी ते गिळलं आणि मोटर चालू केली. याला माझा चांगुलपणा समजू नका. वडिलांचा प्रश्न माझ्या तोंडात अजून जिवंत आहे, आणि त्याची मला लाज वाटते. तिची पूर्ण नावाची पार्सलं आमच्याच दारी येतात. कुरिअरवाल्याने बेल वाजवली की मी चष्मा काढून ठेवते, आणि मगच दार उघडते.