तळ्याच्या काठचं खळं

मंठ्याच्या बाजारात बैलांची दलाली करून मी जमीन घेतली. बापाने आपला वाटा केव्हाच विकून टाकला होता, त्यामुळे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे एवढीच माझी इस्टेट. पुढे दुष्काळी कामावर गावात तलाव झाला आणि माझी सगळी काळी जमीन पाण्याखाली गेली. तलावाच्या हद्दीच्या खुंट्या आधी माझ्या थोरल्या चुलतभावाच्या चिंचेपाशी होत्या. त्या माझ्या रानात कशा सरकल्या, ते त्याला ठाऊक. मला उरली पाण्याच्या पश्चिमेची मुरमाड पट्टी. हा राग मी अजून सोडलेला नाही.

एका साली त्या पट्टीतही ज्वारी चांगली झाली होती. गावाची खळी टेकाडावर, देवळाजवळ. धान्य उपणून भूस उडवायला उंचावर वारा मिळतो म्हणून. तिथल्या पाळीवरून माझं आणि चुलतभावाचं वाजलं. मी भर लोकांत गाडी वळवली आणि त्या मुरमाड पट्टीवरच खळं सारवलं.

"खाली खड्ड्यात वारा यायचा न्हाई," तो वरून ओरडला. "तोंडानं फुकून काढ आता!"

ज्वारी मळून झाली आणि आभाळ बिघडलं. दोन दिवस संध्याकाळी पश्चिमेला ढग चढत होते. अवकाळी पाऊस आला तर भुसात मिसळलेलं धान्य जागेवर काळं पडणार. वर्षाचं खाणं त्या ढिगात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेची थोडी झुळूक होती. आमच्याकडे पश्चिमेला पाठ करूनच उपणतात, बापजाद्यांपासून तेच. वावडी म्हणजे उपणायला चढायची तीन पायांची उंच घोडी. तिच्यावर मी तसाच उभा राहिलो. बायको खालून टोपल्या देत होती. थोडी रास साफ झाली, ती आम्ही मागे पश्चिमेला ओढून ठेवली. मग वारा पडला. टेकाडावरही सगळे हात बांधून बसले.

ऊन डोक्यावरून कललं आणि एकदम थंड हवा तोंडावर आली. मी खूश होऊन टोपली ओतली. सगळं भूस माझ्या डोळ्यांत, आणि माझ्यावरून मागच्या साफ राशीवर!

"अहो, उतरा आधी!" बायको कडाडली. "वारा पाण्याकडून येऊन राह्यला, अन् तुम्ही त्यालाच तोंड दाखवून राह्यले. बैलाचे दात दिसतात, वारा दिसत न्हाई का?"

मी चिडलो, पण तिचं बराबर होतं. वावडी फिरवली, पाण्याकडे पाठ केली, आणि घाण झालेली रास परत उपणायला घेतली. मग काय सांगू! इतका सरळ वारा मी टेकाडावर कधी पाहिला नव्हता. तो झपाटे मारत नव्हता, दिशा बदलत नव्हता. दाणा पायाशी पडे आणि भूस दूर जाऊन बसे.

वावडीवरून तो वारा पुढे सरकताना दिसत होता. आधी काठची बाभूळ हलली, मग माझा लिंब, बऱ्याच वेळाने चुलतभावाची चिंच. देवळावरचं निशाण मात्र लोंबतच होतं.

नंतर कित्येक दुपारी मी तिथे बसून याचा हिशेब लावला. जमीन उन्हात लवकर तापते, पाणी तापत नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. जागा रिकामी होते, आणि पाण्यावरची गार, जड हवा ती भरायला धावते. खळ्यावर बायकोच्या चुलीचा धूर खाली असेपर्यंत गावाकडे जाई, उंच चढल्यावर हळूच परत पाण्याकडे वळे. पश्चिमेचा वारा जोरात असला की तळ्याचं काही चालत नसे. पुढे एकदा कोकणात गेलो, तर समुद्रावर हाच कारभार, फक्त मोठा. तिथला वारा दुपारभरात पार आत रानापर्यंत शिरतो. माझ्या तळ्याचा वारा एक शिवार ओलांडून दमत होता. तरी मला त्याचंच कौतुक जास्त.

त्या दिवशी ढग वर आले तसा चुलतभाऊ गाडी घेऊन खाली आला.

"जरा जागा दे."

"का? खड्ड्यात वारा न्हाई ना?"

"वारा काय तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचा न्हाई. पण खळं माझं हाय."

तो ढगाकडे पाहून म्हणाला, "जल्दी बोल, काय पाहिजे?"

"तुझे गडी आधी माझी पोती भरतील, घरी टाकतील. मंग तू चढ."

"बिलकुल सुधारला न्हाईस," तो म्हणाला आणि गड्यांना हाक मारली.

माझं शेवटचं पोतं घरात पडल्यावर मी परत आलो. तो वावडीवर होता, पाण्याकडे पाठ करून. जागा दिली होती, माफी नव्हे. तसं मी त्याला सांगितलंही. त्याचं थोडंच राहिलं असताना ढगाची सावली शिवारावर पसरली. जमीन निवली आणि वारा थांबला. त्याच्या टोपलीतलं भूस दाण्यासकट सरळ खाली पडलं. गडी उरलेल्या ढिगावर ताडपत्री ओढू लागले.

"अरे, चालू कर की तुझा वारा!" तो वरून ओरडला.

"ऊन घेऊन ये," मी म्हणालो, "मंग देतो."