खिडकीतलं तण

प्रयोगशाळेच्या खिडकीत मी मोहरीच्या कुळातलं एक वीतभर तण वाढवतो. पाणी तोडलं तरी ते तग धरतं. ज्या जनुकामुळे धरतं, ते आम्ही शोधलं आणि तुरीत घातलं. शेजारच्या कुंडीत ती तूर यंदाही वाळून गेली आहे. सहा आठवड्यांत आयुष्य उरकणाऱ्या तणाची जिद्द सहा महिने शेंगांसाठी झुरणाऱ्या तुरीला पुरत नाही, हे कळायला माझी उमेदीची वर्षं गेली.

खुरपणीच्या सुमनमावशी आत आल्या. सवयीने त्यांचा हात तणाकडे गेला.

“मावशी, ते नको.”

“तण तर हाय, सर.”

“तेच ठेवायचंय.”

मावशींनी वाळलेली तूर उपटली आणि बाहेर तणाच्या ढिगावर टाकली.