उठलेली मढी आणि आमचे घरमालक

जगात विचारण्याजोगं जे काही आहे ते सगळं आमच्या सोलापूरच्या घरमालकांनी कुणाला ना कुणाला तरी विचारून झालेलं होतं. वर त्यांची आणि देवाची गाठ पडली असेल, तर देव आता उत्तरं देऊन देऊन घायकुतीला आला असणार. सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी बार्शीहून सोलापूरच्या एका शाळेत बदलून आलो आणि साखर पेठेत त्यांच्या वरच्या खोल्या बघायला गेलो. गृहस्थांनी भाड्याचं नाव काढलं नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या बार्शीकडं शेंगाच्या चटणीत लसूण आदी घालत्यात का मागनं?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मग जेवताय तरी कसं ओ?" असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. बहुधा कीव आली असावी.

गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस दिवसभर ओट्यावर बसून असे, आणि ओट्यावरून प्रश्न न घेता पुढं गेलेलं माणूस मी पाहिलं नाही. दारात कडकलक्ष्मी आली, की पेठेतली पोरं घाबरून आईच्या पदरात शिरत. घरमालक त्या बाबाचा चाबूक मधेच धरत आणि विचारत, "रोज त्याच जागी मारतोस का जागा बदलतोस?" तो बिचारा देवी अंगात असूनही विचारात पडे. वायरमन दिवा दुरुस्त करून निघाला, की "बटण बंद केल्यावर आतली वीज जाती कुटं?" यावर त्याची पाऊण तास सुटका नसे. अक्कलकोटच्या एस्टीत ते ड्रायव्हरच्या पाठीमागे बसत. एकदा त्या ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन हात जोडले होते, असं त्यांनी मला स्वतःच, काहीसं अभिमानानं सांगितलं.

पण त्यांचा खरा हातखंडा दुपारी. स्वतःचं जेवण झालं, हात धोतराला पुसला, की ते ओट्यावर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत. "जेवलात का?" आता हे आपण सगळेच विचारतो. "जेवलो" म्हणायचं आणि चालू लागायचं. घरमालकांना मात्र उत्तर हवं असे. काय जेवलात? भाजी कुटली? भाकरी कडक का मऊ? कुणाच्या घरी आज कसली आमटी आहे हे त्या घरच्या माणसाच्या आधी यांना कळायचं. पोस्टमननं सुटका व्हावी म्हणून रोज "पिठलं" सांगायचं धोरण ठेवलं, तर आठवड्याभरात घरमालक त्याच्या बायकोची प्रकृती विचारायला त्याच्या घरी हजर.

या सगळ्यात त्यांच्या बायको, आमच्या काकू, कुठं होत्या, असं तुम्ही विचाराल. आत होत्या. मूलबाळ नव्हतं. घरमालकांच्या बोलण्यातून जी चिमूटभर जागा उरे, तिच्यात त्या गप्प बसून असत. गेल्याही तशाच, चार दिवसांच्या तापानं, कुणाला फारसा त्रास न देता.

आणि दहाव्याला कावळा शिवला नाही.

तळ्याकाठी आम्ही पुरुष मंडळी उभे. पिंड ठेवलेला, समोरच्या लिंबावर कावळा बसलेला. चांगला धष्टपुष्ट कावळा, मान वाकडी करून सगळं बघतोय, पण खाली येईना. काकूंच्या जेऊरच्या भावानं सांगितलं, दाजींना सांभाळीन. कावळा ढिम्म. मग घरमालक पुढं झाले. "काय राहिलं गं तुजं? पाटल्या? म्हायेरच्या जत्रंला जायचं हुतं? तुळजापूरला? का त्या जांभळ्या लुगड्याचं?" प्रश्नांची अशी सरबत्ती लागली की कावळा उडून पलीकडच्या झाडावर जाऊन बसला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. सगळे घरी गेले. घरमालक मात्र अजून त्या झाडाकडंच बघत होते.

त्या दिवसापासून त्यांच्या हजार प्रश्नांचा एकच प्रश्न झाला. तिचं काय राहिलं? मला विचारलं, मेव्हण्याला विचारलं, गुरुजींना, डॉक्टरांना, फुलवाल्यालाही विचारलं. रात्री झोप नाही म्हणायचे. माणूस वाळत चालला.

अशात एका सकाळी टांग्यावर कर्णा लावून सिनेमाची जाहिरात आली. बोर्डावर हिरवीगार मढी रंगवलेली, हात पुढं केलेली. रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी चित्रं लागत, तसलंच हे. घरमालकांनी अर्थातच टांगा थांबवला. "मेलेली माणसं परत येतात" हे ऐकलं आणि तडक माझ्या जिन्याखाली आले. "मास्तर, मला इंग्रजी येत न्हाय. तुमी चला. परत आल्यावर काय बोलत्यात त्येवडं फकस्त सांगा."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

बोर्डावरची मढी हिरवी आणि आत लावलेले फोटो सगळे काळेपांढरे, यावरून डोअरकीपरची चौकशी झाली. मग अंधार झाला. असला सिनेमा मी तोवर पाहिला नव्हता. मेलेली माणसं उठली, मान टाकून, पाय ओढत चालू लागली. थेटर चिडीचूप. मी स्वतः चपला काढून पाय खुर्चीवर घेतले, खोटं कशाला बोलू?

"मास्तर, ह्येंचं दहावं केलं न्हाय का कुनी?" घरमालकांचा आवाज साऱ्या थेटरात घुमला.

"पुरतात हो ते. दहावं नसतं त्यांच्यात."

"आन् कावळा?"

"कावळाही नसतो."

"मग उटणारच की!"

एवढा सोपा उलगडा इंग्रजीतून कुणी केला नव्हता. तो आमच्या रांगेतून मागच्या रांगेत गेला, तिथून बाल्कनीत चढला. मध्यंतरात सोड्याच्या गाडीपाशी एक कॉलेजकुमार दुसऱ्याला समजावत होता, "अरे, कावळा शिवला नाही ना, म्हणून." सोलापुरात त्या चित्राचा हाच अर्थ पक्का झाला.

मध्यंतरानंतर मढ्यांनी एका घराला वेढा घातला. आतली माणसं दारांखिडक्यांना फळ्या ठोकायला लागली. घरमालक अस्वस्थ झाले. खुर्ची करकरायला लागली. शेवटी ते उभेच राहिले आणि पडद्याकडं हात करून ओरडले, "आरं, फळ्या काय ठोकताय? काय पायजे ते इचारा की त्येस्नी! आपल्याच घरची हायती!"

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, खाना होना उनको!"

आणि पडद्यावर मढी खरोखरच खायला लागली. काय खात होती ते मी सांगत नाही. लोक किंचाळले. घरमालक सावकाश खाली बसले. "उपाशी हायती ओ, मास्तर," एवढंच म्हणाले. पुढं सिनेमा संपेपर्यंत एक प्रश्न नाही. मला मढ्यांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

परत येताना वाटेत पोस्टमन भेटला. त्यानं आपण होऊन "पिठलं" सांगितलं. घरमालकांनी ऐकलंच नाही. घरी आल्यावर ते जिन्याशी थांबले. माझी बायको पायरीवर तांदूळ निवडत होती. काकूंच्या शेजारी रोज दुपारी तीच बसायची, पण घाटावर बायका येत नसत, आणि तिला विचारायचं आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, ती तुमच्यापाशी बोलायची. तिला काय पायजे हुतं का ओ?"

माझी बायको स्पष्टवक्ती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "काही नको होतं काका. त्या हसून एवढंच म्हणायच्या, हे अख्ख्या पेठेला जेवलात का विचारतात, मला कधी विचारलं नाही."

घरमालक त्याच पायरीवर बसले. म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. मी आपला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. जेऊरचे मेव्हणे पुन्हा शपथा घ्यायच्या तयारीनं आले होते. घरमालकांनी त्यांना हातानं मागं सारलं, पानापुढं उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "जेवलीस का गं?"

पाण्याच्या टाकीवरचा कावळा खाली आला. आता भाकरी दिसली की कावळा यायचाच, हे मलाही कळतं. पण मी आपले हात जोडले.

गुरुजी सुटले एकदाचे म्हणून हात धुवायला निघाले. आम्हालाही भुका लागल्या होत्या, खालून आमटीचा वास येत होता. कावळा मात्र निवांत होता. एक तुकडा मोडायचा, इकडंतिकडं बघायचा, मग दुसरा. मेव्हणे म्हणाले, "चला आता दाजी, पानं घेऊ."

घरमालक जागचे हलले नाहीत.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "तिचं हुंद्या आदी. रोज आपलं झाल्यावरच बसायची ती."