एकोणीस सामने

बिऱ्हाडे हे त्याचं आडनाव नव्हे. चौथ्या क्लबात कुणीतरी थट्टेने ठेवलेलं ते नाव पाचव्या क्लबात त्याच्या आधीच जाऊन बसलं होतं. पाठीवर एक पिशवी आणि हातात दोन घेऊन तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला, तेव्हा तिथल्या गोलकीपरने मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "आलं रे बिऱ्हाड." तेव्हापासून तो बिऱ्हाडेच.

बारा वर्षांत सात गावं झाली, सात क्लब झाले. सगळे फुटबॉलच्या खालच्या फळीतले. अशा मैदानांना दिवे नसतात, म्हणून सामने दुपारी साडेतीनला सुरू होतात. निकाल पेपरात हवामानाच्या खाली येतात, तेही जागा उरली तर. करार दर वेळी एका वर्षाचा, कधी कधी पुन्हा एका वर्षाचा. तो संपला की हात मिळवायचे आणि सामान बांधायचं. त्याच्या बायकोने फ्रिजचा, मिक्सरचा, टीव्हीचा खोका कधी टाकून दिला नाही. प्रत्येक घरात ते खोके एकात एक घालून माळ्यावर ठेवलेले असत. भिंतीवरचं घड्याळ मात्र फ्रिजवर, भिंतीला टेकून उभं असायचं. भोक पाडायचं म्हणजे घरमालकाला विचारा, जाताना बुजवून द्या, त्यापेक्षा असू दे, असं ती म्हणायची. सहा घरांत ते घड्याळ फ्रिजबरोबर थरथरत राहिलं.

मुलगी आता नववीत होती. ही तिची पाचवी शाळा. अधल्यामधल्या बदल्यांमुळे तिला अपूर्णांक तीनदा शिकवले गेले होते आणि भूमितीची सुरुवात एकदाही नाही. ती तक्रार करणारी नव्हती. नव्या वर्गात गेली की शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. शेवटच्या बाकावर बसलं की आपण लक्षात राहतो, पुढे बसलं की विचारतात, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

सातव्या गावात पहिल्यांदा काहीतरी वेगळं घडलं. करारावर सही करताना बिऱ्हाडेने एक ओळ घालून घेतली: हंगामात वीस सामने खेळला, तर करार आपोआप एका वर्षाने वाढेल. एक मिनिट जरी मैदानात उतरला तरी तो सामना धरायचा. क्लबच्या सेक्रेटरीने न वाचताच शिक्का मारला. बिऱ्हाडे घरी आला आणि मुलीला म्हणाला, "दहावी इथेच करायची तू. सांगून ठेवतो."

"नक्की?"

"वीस सामन्यांचा तर प्रश्न आहे. दर वर्षी पंचवीस खेळतो तुझा बाप."

त्या आठवड्यात बायकोने घरमालकाला विचारून भिंतीत खिळा ठोकला. दातांच्या दवाखान्यात तिला रिसेप्शनवर काम मिळालं होतं आणि डॉक्टरीणबाई तिला कायम करणार होत्या. मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर सामने मोजायला घेतले. चार उभ्या रेघा, त्यांच्यावरून पाचवी आडवी. असा एक जुडगा झाला की ती वही आणून बापाला दाखवायची.

बिऱ्हाडे वेगवान कधीच नव्हता, आणि पस्तिशीत तर उजवा गुडघा त्याच्या आधी थकायचा. त्याला ठेवत ते आवाजासाठी. उजव्या बाजूला बचावात उभा राहून तो नव्वद मिनिटं बोलत असे. चेंडूमागे पळणाऱ्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही. ते बिऱ्हाडेला दिसायचं. "एकटा आहेस, वळ." "मागे माणूस." "सोड, जातोय बाहेर." "पोचशील, आत ठेव." मागे वळून न बघता पोरं त्याचं ऐकत, कारण तो चुकत नसे. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी त्याचा घसा पार बसलेला असायचा. मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करत तो घरभर खुणांनी बोलायचा. "आठवड्यातून एक दिवस तरी शांतता मिळते आम्हाला," बायको म्हणायची.

कोच त्याचा जुना सोबती. दुसऱ्या क्लबात असताना दोघं एका खोलीत राहिले होते, एकाच इस्त्रीवर. बिऱ्हाडेला इथे त्यानेच आणलं होतं.

एकोणीस सामने झाले. पानावर तीन पूर्ण जुडगे आणि चार उभ्या रेघा. पाच सामने बाकी होते.

त्यानंतरच्या सामन्याला त्याचं नाव राखीव खेळाडूंत निघालं. कोच म्हणाला, "गुडघ्याला जरा आराम दे." पुढच्या वेळी तो काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या वेळी कपडे धुणारे काका त्याच्याशेजारी बाकावर येऊन बसले. क्लबची सगळी धुणी, बुटांचे खिळे, चेंडूत हवा भरणं, सगळं काकांकडे.

"दोन आठवडे तुझी जर्सी स्वच्छच परत येतेय माझ्याकडे," काका म्हणाले.

"बसलोय ना."

"का बसलायस ते माहितीये? सेक्रेटरीने तुझा कागद काढून वाचला. पहिल्यांदाच वाचला असेल."

बिऱ्हाडे मैदानाकडे बघत राहिला. मग एकदम ओरडला, "शिडी, मागे माणूस!" शिडी म्हणजे त्यांचा कडेने खेळणारा उंच, बारीक विंगर. शिडीने न बघता चेंडू दुसऱ्याकडे दिला.

"बाकावर बसून कशाला घसा फोडतोस?" काका म्हणाले. "नाही खेळवत तर नाही. गप्प बैस की."

"होत नाही काका."

चौथा सामनाही बाकावरच गेला. दुसऱ्या दिवशी सरावानंतर तो कोचच्या खोलीत गेला. खोली कसली, सामानाची कोठडी. कोपऱ्यात फाटकी जाळी गुंडाळून ठेवलेली.

"शेवटच्या सामन्यात एक मिनिट दे मला."

"मिनिटाचाच प्रश्न असता तर नव्वद दिली असती."

"पोरीला सांगून बसलोय रे मी."

कोचने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "उतरवायचं नाही असं तोंडावर सांगितलंय मला. आणि माझा करारही एकाच वर्षाचा आहे, बिऱ्हाड्या. तुला वाटतं का, मी इथे मालक आहे?"

बिऱ्हाडेने जाताना दार हळूच ओढून घेतलं. घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, मुलीला नाही. मुलीला सांगायची गरज नव्हती. वहीचं पान तिच्याच दप्तरात होतं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. क्लब गुणतक्त्याच्या मधोमध, ना वर जायची आशा ना खाली पडायची भीती. पाहुण्यांचंही तसंच. सिमेंटच्या तीन पायऱ्यांवर शे-दीडशे माणसं. मायलेकी मधल्या पायरीवर, लाइनजवळ बसल्या होत्या. सेक्रेटरी खांबाशेजारी खुर्ची टाकून बसला होता, कोचच्या नेमका पाठीमागे. एक-एक अशी बरोबरी झाली आणि खेळ मंदावला. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. कोच मागे बघत नव्हता.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला सेक्रेटरी उठला. पाहुण्या क्लबचे अध्यक्ष लवकर निघत होते, त्यांना गाडीपर्यंत सोडायला तो फाटकाकडे गेला. कोचने एकदा वळून रिकामी खुर्ची पाहिली.

"जर्सी बाहेर काढ," तो बिऱ्हाडेकडे न बघता म्हणाला. "लवकर."

कोचने बदलीची चिठ्ठी लिहिली. आकडा त्याने दोनदा गिरवला. चौथ्या पंचाने चिठ्ठी घेतली, बिऱ्हाडेच्या बुटांचे तळवे तपासले आणि आकड्यांची पाटी वर धरली. मधल्या रेषेपाशी, लाइनच्या बाहेर, बिऱ्हाडे उभा राहिला. आता चेंडू एकदा बाहेर जायला हवा होता. खेळ थांबल्याशिवाय बदली होत नाही. कुठल्याही बाजूने, कुणाच्याही पायाला लागून, एकदा बाहेर. मग तो आत पाऊल टाकणार आणि वीस होणार.

दमलेले खेळाडू चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे देत राहिले. कुणालाच जिंकायची घाई नव्हती, आणि म्हणून कुणी चूकही करत नव्हतं. तीन मिनिटं वाढीव मिळाली. त्यातलं एक गेलं, मग दुसरं. पाटी धरून पंचाचा दंड भरून आला, त्याने हात बदलला. पायरीवर मुलगी उभी राहिली होती.

मग मधल्या फळीतून एक पास जोरात सुटला. शिडीच्या पुढून चेंडू लाइनकडे निघाला, सरळ बिऱ्हाडेच्या दिशेने. कडेला गवत कोरडं होतं, तिथे तो मंद झाला. शिडी चार पावलं धावला आणि त्याने वेग सोडला, खांदे पाडले. चेंडू बाहेर जाणार होता. हातभर उरला होता.

बिऱ्हाडेला तेव्हा काय दिसलं? चेंडू दिसला, लाइन दिसली, शिडीचे लांब पाय दिसले. समोरचा बचावपटू दहा पावलं मागे दिसला आणि त्याच्या पलीकडे मोकळं मैदान दिसलं.

"पोचशील! आत ठेव!"

शिडीने मान वर केली नाही. आवाज ऐकला आणि अंग झोकून दिलं. घसरत येऊन त्याने चेंडू लाइनवरून आत ओढला. त्याच्या बुटाखालची माती बिऱ्हाडेच्या मोज्यांवर उडाली. तेव्हा बिऱ्हाडेला कळलं.

पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. मुलगीही टाळ्या वाजवत होती. दोन-तीन वाजवल्यावर तिचे हात थांबले. शिडी उठला, मोकळ्या मैदानात पळाला आणि त्याने चेंडू गोलसमोर टाकला. पाहुण्यांच्या गोलकीपरने तो सहज धरला, छातीशी घेतला, थोडा थांबला, मग पायाने लांब मारला. चेंडू हवेत असतानाच शेवटची शिट्टी झाली.

पंचाने पाटी खाली घेतली. "सॉरी दादा," तो म्हणाला.

खोलीत जाताना शिडीने मागून येऊन बिऱ्हाडेच्या खांद्यावर हात टाकला. तो खुशीत होता. "दादा, तुम्ही ओरडला नसतात तर सोडलाच असता मी तो. गेला म्हणून धरलं होतं."

"माहितीये."

"पण उतरायचं राहिलं ना तुमचं? पाटी तर लागली होती."

"राहिलं," बिऱ्हाडे म्हणाला. "चांगला घेतलास बॉल. असाच घेत जा."

काका पिंपात जर्स्या गोळा करत होते. बिऱ्हाडेने आपली काढून घडी केली. "ही नका टाकू धुण्यात, स्वच्छ आहे." काकांनी घडी मोडून ती बाकीच्यांबरोबर टाकली आणि वरून साबणाची पूड ओतली.

तिघं चालतच घरी निघाली. कोपऱ्यावर बायको म्हणाली, "अहो, आयुष्यात एकदा गप्प राहायचं होतं." म्हणताना तिला जरासं हसू आलं, मग ते तोंडावरच विरून गेलं.

मुलीने विचारलं, "बाबा, तू ओरडला नसतास तर शिडीदादा पोचला असता?"

"नाही. त्याने सोडला होता."

"मग तू बरोबरच सांगितलंस त्याला."

बिऱ्हाडेने तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि स्वतः धरली.

आठव्या क्लबाचं पत्र पंधरा दिवसांत आलं. गाव अकरा तासांच्या अंतरावर, करार एका वर्षाचा. वीस सामन्यांची ओळ त्याने मागितली नाही. रात्रीची भांडी आवरून बायको समोर येऊन बसली.

"या वेळी तुम्ही एकटे जा."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"दहावी इथेच करायची, असं तुम्हीच सांगितलंत ना तिला? मग ती इथेच करेल. डॉक्टरीणबाईंनी मला पुढच्या महिन्यापासून कायम केलंय. भागेल आमचं."

"सुट्टीत येईन," तो म्हणाला.

"या ना. घर कुठे पळून जात नाहीये."

माळ्यावरून या वेळी एकच खोका खाली आला, मिक्सरचा. त्यात बुटांचे दोन जोड, गुडघ्याचे पट्टे, एक चादर आणि चहाचं पातेलं मावलं. घड्याळ खिळ्यावरच राहिलं. निघताना त्याने सवयीने फ्रिजच्या वर पाहिलं, मग भिंतीकडे.

आठव्या गावात क्लबाने दिलेल्या खोलीत दोन खाटा आणि एक खिडकी होती. तिथला कोच पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमच्या आवाजाबद्दल फार ऐकलंय. आमची पोरं अगदी मुकी आहेत हो." पहिल्या सामन्यात बिऱ्हाडे पूर्ण नव्वद मिनिटं खेळला. कुणाच्या मागे माणूस आला, ते त्याला दिसलं. दोनदा चेंडू लाइनवर घरंगळत गेला, पोरांनी सोडून दिला, तेही दिसलं. गोलकीपरने जवळ येऊन विचारलं, "काय दादा, घसा बसलाय का?" त्याने मान डोलावली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "थांब हं, वही घेते," ती म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज आला. "खेळलास?"

"हो. पूर्ण."

"म्हणजे एक." ती रेघ मारत असावी. मग तिचं बोलणं जरा हळू झालं. "बाबा, आज सामना होता ना? तुझा आवाज अगदी स्वच्छ येतोय."

"इथे रेंज चांगली आहे," बिऱ्हाडे म्हणाला.